बहिरेपण एका ओळीत उरकलंत?
तुमचा लेख छान, पण रेडिओचा व्हॉल्व बनवणारे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांचं बहिरेपण एका ओळीत उरकलंत, ते काही पटलं नाही. अहो, व्हॉल्वची, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या त्या काचेच्या नळीची, गोष्टच तिथून सुरू होते! कानाला रिसीव्हर लावून बिनतारी संदेशांची बारीक टकटक ऐकणं त्यांना जड जायचं. त्यांना हवा होता आरशाचा गॅल्व्हानोमीटर, म्हणजे बारीकसा विद्युतप्रवाह दाखवणारं यंत्र: संदेश आला की प्रकाशाचा ठिपका पट्टीवर सरकतो, डोळ्यांनी टिपायचा. पण रेडिओलहरींचा प्रवाह इतक्या झपाट्याने दिशा बदलतो की ठिपका ढिम्म हलत नाही. तो एकदिश करायला १९०४ मध्ये त्यांनी कपाटातले जुने, आत धातूची पट्टी बसवलेले प्रायोगिक दिवे काढले. तोच पहिला निर्वात नळीचा डायोड, म्हणजेच हा व्हॉल्व. अमेरिकन संशोधक ली डी फॉरेस्ट यांच्याशी पुढे झालेल्या पेटंटच्या कोर्टकज्ज्यांवरही लिहा की!