खालिद जमील, झिंगनचे पिवळे कार्ड आणि छेत्रीची जागा

ढाक्यात १८ नोव्हेंबर २०२५ ला बांगलादेशाने आपल्या भारतीय फुटबॉल संघाला १-० असे हरवल्यापासून मिरजेतल्या आमच्या फुटबॉलवेड्या मंडळींत एकच वाद पेटलेला आहे. मैदानाच्या कडेला सुरू झालेला हा वाद चहाच्या गाड्यावर गेला, तिथून व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आणि आता माझ्या फेसबुकच्या भिंतीवरही आला आहे. एका गटाचे म्हणणे असे, की राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील भित्रा फुटबॉल खेळवतात, अकरापैकी नऊ जणांना आपल्याच गोलसमोर उभे करतात आणि देवावर हवाला ठेवतात. दुसऱ्या गटाच्या मते प्रशिक्षकाच्या नावाने बोटे मोडण्यात काही हशील नाही, कारण मुळात खेळाडूच त्या वकुबाचे नाहीत. मला दोन्ही मते पटत नाहीत आणि ग्रुपवर दोन ओळींत ते सांगता येत नाही, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो.

माझे म्हणणे असे, की खालिद यांची बचावाची पद्धत चुकीची नव्हती. ज्या पद्धतीसाठी त्यांना आणले गेले, तिला साजेशी संघनिवड आणि ऐन सामन्यातले निर्णय मात्र ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून झाले नाहीत.

ऑगस्टमध्ये त्यांची नेमणूक झाली तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांना आनंदच झाला होता. तेरा वर्षांनी एक भारतीय माणूस राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होत होता आणि तोही मुंबईच्या मैदानांवर आयुष्य काढलेला. २०१६-१७ मध्ये ऐझॉलसारख्या तुटपुंज्या पैशांच्या संघाला त्यांनी आय-लीग जिंकून दिली होती, जमशेदपूरला २०२४-२५ च्या हंगामात आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, उपांत्य फेरीपर्यंत नेले होते. त्यांचे संघ कसे खेळतात हे तेव्हाच सगळ्यांना ठाऊक होते. मागे दाटीने उभे राहायचे, चेंडू मिळाला की फार गोंडस पासिंगच्या नादी न लागता तो पुढे पाठवायचा आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांतून गोल काढायचा. ज्याला हे खेळणे आवडत नाही त्याने नेमणुकीच्या दिवशीच नाक मुरडायला हवे होते. चार महिन्यांनी ‘हे तर बचावात्मक खेळतात’ असा शोध लावणाऱ्यांचे मला नवल वाटते.

ही पद्धत चालते याचा पुरावाही आपण ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरमध्ये पाहिला. मध्य आशियाई देशांच्या काफा नेशन्स कपच्या पहिल्याच सामन्यात, २९ ऑगस्टला हिसोरमध्ये, आपण ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानावर २-१ असे हरवले आणि आपले दोन्ही गोल स्टॉपरनी, म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी खेळणाऱ्यांनी, केले. पाचव्या मिनिटाला उवैसच्या लांब थ्रोवर अन्वर अलीने डोके लावले आणि तेराव्या मिनिटाला राहुल भेकेचा हेडर परत आल्यावर संदेश झिंगनने चेंडू आत ढकलला. शाहू स्टेडियमवर पेठांच्या लढती पाहायला कोल्हापूरला जाणाऱ्यांना यात काहीच नवे वाटणार नाही. लांब थ्रो टाकणारा बॅक समोरच्या संघात असला की आपला खेळाडू चेंडू साइडलाइनबाहेर घालवायलाही कचरतो, हे त्या गॅलरीत बसणारे शाळकरी पोरही सांगेल. पुढे इराणकडून ०-३ असा मार बसला, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत ओमानला १-१ असे रोखून आपण पेनल्टीवर जिंकलो. मोहन बागानने खेळाडू सोडले नव्हते, छेत्रीला बोलावलेले नव्हते आणि इराणच्या सामन्यात गालाचे हाड मोडल्यामुळे झिंगनही शेवटच्या दोन सामन्यांत नव्हता. तरीही तो संघ आपण काय करतो आहोत हे जाणून खेळत होता.

मग ऑक्टोबर आला. आशियाई चषकाच्या पात्रतेसाठी सिंगापूरशी पाठोपाठ दोन सामने होते. त्याआधी, आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्या काळात, बांगलादेशाशी शिलाँगमध्ये गोलशून्य बरोबरी आणि हाँगकाँगमध्ये ९४व्या मिनिटाच्या पेनल्टीवर पराभव, अशी आपली कमाई अवघ्या एका गुणाची होती. गटातून एकच संघ पुढे जाणार असल्यामुळे दडपण होते, हे मान्य.

९ ऑक्टोबरचा सिंगापूरमधला सामना आठवा. मध्यंतराच्या तोंडावर इखसान फांदीने गोल केला आणि आपण ०-१ ने मागे पडलो. झिंगनला तोपर्यंत एक पिवळे कार्ड मिळालेले होते. मध्यंतरात प्रशिक्षकाच्या हाती पंधरा मिनिटे होती, बाकावर माणसे होती आणि समोर असा आघाडीवीर होता, जो अंगाला अंग लावून स्टॉपरला फाउल करायला भाग पाडतो. खालिद यांनी झिंगनला तसाच मैदानात पाठवला. ४७व्या मिनिटाला त्याला दुसरे पिवळे कार्ड मिळाले, म्हणजे लाल, आणि संघ दहा जणांवर आला.

‘झिंगनला बसवायचे म्हणजे संघाचा कणाच काढायचा’ असा युक्तिवाद ग्रुपवर झाला आणि तो करणारे माझे ज्येष्ठ मित्र स्वतः अनेक वर्षे स्टॉपर म्हणून खेळलेले आहेत. त्यांच्या शब्दाला मी मान देतो, परंतु येथे हिशेब वेगळा आहे. कार्ड मिळालेला स्टॉपर एकतर हात राखून खेळतो किंवा सवयीने पाय घालतो. हात राखला तर आघाडीवीराला मोकळे रान मिळते आणि पाय घातला तर लाल कार्ड येते. त्यात झिंगन जेमतेम महिन्याभरापूर्वीच्या हाडाच्या दुखापतीतून परतलेला होता. शिवाय पाचच दिवसांनी त्याच संघाशी घरच्या मैदानावर गाठ होती आणि लाल कार्ड मिळाले तर तो सामना त्याच्याविना खेळावा लागणार, हे शाळेच्या संघाच्या प्रशिक्षकालाही कळते. मुंबईचा राहुल भेके मध्यभागी आणि उजवीकडे अशा दोन्ही जागांवर खेळतो. फळीत एक अदलाबदल करून झिंगनला पुढच्या सामन्यासाठी राखता आले असते. निकाल कळल्यानंतरचे हे शहाणपण नाही. मध्यंतरात आमच्यातल्या दोघांनी ग्रुपवर हेच लिहिले होते, ते मेसेज अजूनही तेथे आहेत.

आता त्याच सामन्यातली पुढची गोष्ट पाहा, कारण ‘बचावच फुसका’ म्हणणारे तिच्याकडे डोळेझाक करतात. दहा जणांनिशी आपण उरलेला सगळा वेळ सिंगापूरला दुसरा गोल करू दिला नाही. ९०व्या मिनिटाला त्यांच्या एका ढिसाळ बॅकपासवर बदली खेळाडू रहीम अली धावून गेला आणि त्याने बरोबरी साधली. पिछाडीवर, परक्या मैदानावर, एक माणूस कमी असताना मिळवलेला हा गुण खालिद यांच्याच पद्धतीतून आलेला आहे. मागे घट्ट राहिले आणि पुढे कुणीतरी पायांत जीव असलेला, चुकीची वाट पाहत धावणारा माणूस ठेवला, तर चूक पदरात पडते.

येथेच छेत्रीचा प्रश्न येतो आणि सर्वांत जास्त भांडणे याच मुद्द्यावर झाली आहेत. सुनील छेत्रीबद्दल माझ्या मनात किती आदर आहे हे ओळखीच्यांना सांगायला नको. जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. नऊ महिन्यांनी मार्केझ यांनी त्याला परत आणले आणि मालदीवविरुद्ध त्याने लगेच गोलही केला. ऑक्टोबरमध्ये खालिद यांनीही त्याला बोलावले, त्यामागे केवळ भावना होती, असेही मी म्हणणार नाही. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये त्याने १४ गोल केले, भारतीयांत सर्वाधिक. गोलसाठी वखवखलेल्या संघाच्या प्रशिक्षकाने त्याच्याकडे पाहावे, यात गैर काय?

गैर एवढेच, की तो या पद्धतीत बसत नाही. एकेचाळिसाव्या वर्षी छेत्रीची ताकद त्याच्या जागा हेरण्यात, हेडरमध्ये आणि शेवटच्या स्पर्शात आहे. त्यासाठी चेंडू सतत समोरच्या गोलजवळ असावा लागतो, दोन्ही बगलांनी क्रॉस यावे लागतात आणि संपूर्ण संघाला वीस-पंचवीस पावले पुढे सरकून खेळावे लागते. खालिद यांचा संघ मात्र स्वतःच्या अर्ध्या भागात बसतो. तेथून काढलेला लांब चेंडू एकट्या आघाडीवीराने पन्नास मीटर धावून पकडायचा, दोन स्टॉपरना अंगावर घेऊन धरून ठेवायचा आणि तोवर बाकीच्यांनी वर यायचे, असा तो हिशेब असतो. हे काम रहीमच्या वयाच्या पोराचे आहे. पुढे चेंडू टिकला नाही, तर तो अर्ध्या मिनिटात परत आपल्याच बॉक्ससमोर येतो आणि बचावफळीला श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. पंढरीच्या वाटेवर दिंडीतला वीणेकरी फार पुढे किंवा फार मागे राहिला तर टाळकऱ्यांची लय जशी तुटते, तसे आपल्या तिन्ही फळ्यांचे झाले होते.

१४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर हेच दिसले. चौदाव्या मिनिटाला छांगतेने दुरून सणसणीत गोल केला आणि आपण १-० ने पुढे गेलो. खालिद यांच्या संघाला याहून सोयीची स्थिती कोणती असणार? आघाडी हातात होती, मैदान घरचे होते आणि प्रतिस्पर्ध्याला अंगावर येणे भाग होते. तरीही ४४व्या आणि ५८व्या मिनिटाला सॉन्ग उई-यंगने दोन गोल केले आणि २-१ अशा पराभवाबरोबर २०२७ च्या आशियाई चषकाची आपली दारे बंद झाली. सॉन्ग हा मध्यरक्षक आहे. मधल्या फळीतून येणारा एकच खेळाडू एका सामन्यात दोनदा गोल करून जातो, तेव्हा पहिला प्रश्न स्टॉपरला विचारायचा नसतो, त्याच्याबरोबर मागे धावायचे काम कुणाचे होते हा प्रश्न विचारायचा असतो. मधली फळी पुढच्यांना आधार द्यायला वर गेली, बचावफळी सवयीने मागेच राहिली आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात सिंगापूरने आपला संसार मांडला. अर्ध्या लोकांनी एक खेळ खेळायचा आणि अर्ध्यांनी दुसरा, असा तो प्रकार होता. याच सिंगापूरने पुढे हाँगकाँगला हरवून पात्रता मिळवली, तेव्हा ते काही ऐरेगैरे नव्हते. पण आपण त्यांना मदत केली, हेही खरे.

गोलीच्या वादात मी फार शिरत नाही. मार्केझ विशाल कैथवर विसंबले आणि हाँगकाँगमध्ये त्याच्या हातून पेनल्टी गेली. खालिद यांनी गुरप्रीतला परत आणले, त्याने ताजिकिस्तानविरुद्ध आणि ओमानविरुद्ध पेनल्टी अडवल्या, आणि ढाक्यात अकराव्या मिनिटाला मोरसालिनचा गोल झाला तेव्हा पुढे येण्याचा त्याचा अंदाज चुकला. दोघेही चांगले आहेत, दोघेही चुकतात. गोली बदलून हे दुखणे बरे होणार नाही.

खालिद यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. जुलैमध्येच आयएसएल लांबणीवर पडली आणि ती कधी सुरू होणार हे ढाक्याच्या सामन्यापर्यंत कुणी छातीठोकपणे सांगत नव्हते. शिबिराला खेळाडू सोडायचे की नाही, यावरून क्लबांची आणि महासंघाची ओढाताण चालू राहिली. सामन्यांचा सराव नसलेल्या पोरांना गोळा करून पात्रतेची लढाई खेळायची, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. बचावाची शिस्त तर सर्वांत आधी बिघडते, कारण ती चार जणांनी एकत्र खेळून खेळून अंगात मुरावी लागते. ‘खेळाडूच वकुबाचे नाहीत’ म्हणणाऱ्यांनी त्या चार महिन्यांत हे खेळाडू किती सामने खेळले, ते एकदा मोजावे.

ढाक्याच्या पराभवाने अब्रू गेली हे खरे आहे. बांगलादेशाने बावीस वर्षांनी आपल्याला हरवले. छांगतेने रिकाम्या गोलच्या दिशेने मारलेला चेंडू बांगलादेशाच्या हमझा चौधरीने डोक्याने बाहेर काढला नसता, तर आजची चर्चा कदाचित वेगळी असती. त्या सामन्यासाठी खालिद यांनी छेत्रीला वगळून तरुणांकडे मोर्चा वळवला, ही मला पटलेली गोष्ट आहे. ती महिनाभर उशिरा झाली, एवढेच दुःख. ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून आलेला रायन विल्यम्स कागदपत्रांअभावी तेथे खेळू शकला नाही, पण बगलेवरून धावणारा असा माणूस या पद्धतीला नक्कीच उपयोगी पडेल.

गटातला शेवटचा सामना ३१ मार्च २०२६ ला हाँगकाँगशी ठरलेला होता. त्यातून हाती काही लागणार नव्हते, तरी प्रशिक्षकाला हटवण्याची मागणी करण्यापेक्षा त्या दिवशी सप्टेंबरची मांडणी पुन्हा पाहायला मिळावी, अशी माझी अपेक्षा होती. बचाव मागेच राहू द्यावा, लांब थ्रो येऊ द्यावा, पण पुढे धावणारे दोन तरुण असावेत आणि मधल्या फळीतल्या एकाला मागे राहण्याचे काम स्पष्ट नेमून दिलेले असावे. ज्यांना हे सगळे अमान्य आहे त्यांनी जरूर भांडावे. मात्र ‘भित्रा फुटबॉल’ असे लिहून मोकळे होण्याआधी सिंगापूरमधल्या त्या मध्यंतरात तुम्ही झिंगनला बसवले असते की नाही, आणि बसवले असते तर त्याच्या जागी कुणाला खेळवले असते, तेवढे कमेंटमध्ये नावानिशी सांगा.