कुत्र्याच्या कोपराचा खर्च

माझ्या कुत्र्याच्या, ब्रूनोच्या, कोपराच्या ऑपरेशनचा खर्च घरच्या ग्रुपवर सांगितला, तर उदगीरहून दादाचा व्हॉइस मेसेज आला, "कुत्र्याच्या कोपराला साडेचार हजार पौंड? रुपयांत सांगू नको, आई ऐकायलीय."

त्याच्या पोराचं सात महिन्यांचं लॅब्राडोर पुढच्या पायाने लंगडायलंय. मी सल्ला एवढाच दिला, एक्स-रे काढा, उदगीरलाच व्हेटर्नरी कॉलेज आहे. झालं! अख्खा ग्रुप तुटून पडला. मुरगळलं असेल, तेल चोळा, हे लंडनचे लाड इथं कामून? (मी लीड्सला असतो. बारा वर्षं सांगतोय.)

विलायती जात पाळली की दुखणंही विलायतीच येणार. कोपरात तीन हाडं. वाढत्या वयात ती नीट जुळली नाहीत तर अल्नाच्या, म्हणजे कोपराखालच्या दोन हाडांपैकी एकाच्या, आतल्या टोकावर भार येतो आणि तिथला तुकडा सुटतो. कुत्र्याचं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर. तेल कुठवर पुरणार? माझ्या ब्रूनोचा तुकडा दुर्बिणीतून काढला. काही ठिकाणी अल्ना कापून सांधा नव्याने बसू देतात. पैसे विम्याने दिले, मी फक्त एक्सेस, म्हणजे विम्यात आपल्या वाट्याची ठरलेली रक्कम, भरला. तेवढं ग्रुपवर सांगितलं नाही.

ऑपरेशनने संधिवात टळत नाही, हेही नाही सांगितलं. वजन आटोक्यात ठेवायचं, पट्टा लावून फिरवायचं, हे जन्मभराचं.

हा दोष बराचसा रक्तातून येतो. इथे १९९८ पासून आई-बापाच्या कोपरांचे एक्स-रे तपासून ० ते ३ गुण देतात. शून्य सर्वांत चांगला. तिकडे कोण विचारतं, असं मी तावातावाने टाइप केलं आणि थांबलो. अण्णा देवणी जातीचा गोऱ्हा घ्यायला जायचे तेव्हा आधी त्याची आई बघायचे. दावणीला उभं राहून, खुरापासून वर. खाण तशी माती. मी ब्रूनो जाहिरातीतला फोटो बघून आणला. गुण विचारायला विसरलो नव्हतो, पोरगी रडत होती म्हणून विचारलेच नाहीत.

टाइप केलेलं खोडलं.

ऑपरेशननंतर सहा आठवडे जिना बंद, म्हणून मी खाली त्याच्याजवळ झोपलो. रात्री बोलायचो त्याच्याशी, मराठीतच. पोरगी मराठीला इंग्रजीत उत्तर देते. ब्रूनो मात्र 'बस' म्हटलं की बसतो, 'सिट' म्हटलं की तोंडाकडे बघत राहतो.