वरातीमागून येणारी संसदीय छाननी

सप्टेंबर २०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंकली पॉइंट सी या अणुवीज प्रकल्पाच्या करारावर सही केली. प्रकल्पातून मिळणाऱ्या प्रत्येक मेगावॉट-तास विजेला २०१२ च्या किमतींनुसार ९२.५० पौंड एवढा दर ३५ वर्षे मिळेल आणि बाजारभाव त्याखाली गेला तर फरक ग्राहकांच्या बिलातून भरून काढला जाईल, असे त्यात ठरले. पुढच्या जूनमध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हा व्यवहार जोखमीचा आणि महागडा असल्याचे नमूद केले आणि नोव्हेंबरमध्ये लोकलेखा समितीनेही सरकारला ग्राहकांच्या हिताचा जाब विचारला. दोन्ही अहवाल अभ्यासपूर्ण होते, भाषा स्पष्ट होती, आणि तोवर करार होऊन वर्ष उलटले होते.

ऊर्जा, वाहतूक आणि पायाभूत सुविधांच्या धोरणांवर संसद लक्ष ठेवते का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. संसद लक्ष ठेवते. अनेकदा मन लावून ठेवते. पण ते लक्ष नेमके कोणत्या टप्प्यावर जाते, याबद्दल आपण फारसे बोलत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. एखादे अनुदान चुकले तर पुढच्या अर्थसंकल्पात ते बदलता येते. अर्धा खणलेला बोगदा मात्र बदलता येत नाही आणि ३५ वर्षांचा वीज खरेदी करार मोडायचा तर भरपाई मोजावी लागते. संसदेच्या हातातली जुनी साधने वार्षिक हिशेबासाठी घडवलेली आहेत. ब्रिटनची लोकलेखा समिती १८६१ ची, आपली १९२१ ची. मंजूर केलेला पैसा मंजूर केलेल्या कामावरच खर्च झाला का, हे पाहणे हा त्यांचा मूळ धर्म. साठ-सत्तर वर्षे चालायच्या आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच ज्यांचे भवितव्य ठरते अशा गोष्टींसाठी ही साधने नव्हतीच.

ब्रिटनच्याच एचएस-२ या द्रुतगती रेल्वेचे उदाहरण मला फार बोलके वाटते. जानेवारी २०१२ मध्ये संपूर्ण प्रकल्पाचा अंदाज ३२.७ अब्ज पौंडांचा होता. जून २०१३ मध्ये तो ४२.६ अब्जांवर गेला. त्यानंतर एप्रिल २०१४ मध्ये लंडन ते वेस्ट मिडलंड्स या पहिल्या टप्प्याचे विधेयक दुसऱ्या वाचनात ४५२ विरुद्ध ४१ मतांनी पुढे गेले आणि बाधित नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी खास समिती नेमली गेली. या समितीने जवळपास दोन वर्षे शेकडो अर्जदारांचे म्हणणे ऐकले. कुणाच्या घरामागचा आवाज, कुठला बोगदा थोडा लांबवावा, कोणती झाडे वाचवावीत, हे सारे बारकाईने तपासले गेले, आणि त्या सदस्यांच्या चिकाटीला माझा नमस्कारच आहे. परंतु दुसऱ्या वाचनात प्रकल्पाचे ‘तत्त्व’ मान्य झालेले असल्यामुळे हा मार्ग मुळात हवा का, त्याच पैशांत दुसरे काही करता आले असते का, हे विचारण्याची मुभाच समितीला नव्हती. म्हणजे जो प्रश्न विचारायला हवा होता तो काही तासांच्या चर्चेत संपला, आणि उरलेल्या प्रश्नांना दोन वर्षे मिळाली.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये पूर्वेकडील शाखेचा मोठा भाग रद्द झाला आणि ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या उत्तरेचा उरलेला मार्गही गुंडाळल्याचे जाहीर केले. त्या मार्गाच्या क्रू या शहरापर्यंतच्या तुकड्याला संसदेने २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करून मंजुरी दिली होती. तरीही ही घोषणा संसदेत झाली नाही. ती पक्षाच्या अधिवेशनात झाली, तीही मँचेस्टरमध्ये, जिथे ती गाडी पोहोचायची होती.

खर्चाचे अंदाज चुकतात यात नवल काहीच नाही. डॅनिश संशोधक बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर दहापैकी नऊ प्रकल्पांचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता आणि रेल्वेच्या बाबतीत ही वाढ सरासरी ४५ टक्के होती. चुका निव्वळ अनवधानाने होत असत्या, तर काही अंदाज वर आणि काही खाली गेले असते. जवळपास सगळे एकाच बाजूला चुकतात, तेव्हा अंदाज करणाऱ्याला प्रकल्प मंजूर व्हावा असे वाटत होते, एवढाच निष्कर्ष उरतो. म्हणूनच छाननीचा खरा विषय एकूण आकडा नसून त्यामागची गृहीतके आहेत: प्रवासी किती येतील, विजेची मागणी किती वाढेल, जमीन किती दिवसांत मिळेल. ही गृहीतके व्यवहार्यता अहवालात आणि त्याच्या परिशिष्टांत असतात, आणि मतदानाआधी ती परिशिष्टे सदस्यांच्या हाती क्वचितच पडतात.

आता नेदरलँड्सकडे वळतो, कारण तिथला प्रश्न पैशांपुरता उरला नव्हता. ग्रोनिंगेनचे वायुक्षेत्र १९५९ मध्ये सापडले, १९६३ पासून तिथून वायू निघू लागला आणि त्यातून सरकारी तिजोरीत साडेतीनशे अब्ज युरोंहून अधिक रक्कम गेली. वायू काढल्यामुळे जमीन हादरत होती. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. जानेवारी २०१३ मध्ये खाण नियामकाने उत्पादन शक्य तितक्या लवकर कमी करण्याचा सल्ला दिला. सरकारने आणखी अभ्यास मागवले, आणि त्याच वर्षी उत्पादन सुमारे ५४ अब्ज घनमीटरपर्यंत वाढले. निर्णय होत होते ते सरकार आणि तेल कंपन्या यांच्या बंद दालनातल्या रचनेत. संसदेने शपथेवर साक्षी घेणारी चौकशी नेमली ती २०२१ मध्ये, आणि तिचा अहवाल आला २४ फेब्रुवारी २०२३ रोजी. ग्रोनिंगेनच्या रहिवाशांच्या हिताकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, हे त्या अहवालाने निःसंदिग्धपणे सांगितले. भूकंपाला तोवर साडेदहा वर्षे झाली होती. मला त्या अहवालाबद्दल आदर आहे; इतक्या परखडपणे बोलणारी संसद सर्वत्र नसते. पण याला छाननी म्हणण्यापेक्षा शवविच्छेदन म्हणणे अधिक योग्य होईल.

आपल्याकडे १९९३ मध्ये विभागनिहाय स्थायी समित्या आल्या, तेव्हा हीच उणीव भरून काढण्याचा हेतू होता. मंत्रालयांच्या अनुदानाच्या, म्हणजे वर्षभराच्या खर्चाच्या, मागण्या आधी समितीकडे जाव्यात, तिथे पक्षाभिनिवेश बाजूला ठेवून तपासल्या जाव्यात आणि मग सभागृहात मताला याव्यात, ही कल्पना चांगलीच आहे. प्रत्यक्षात २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत सर्वच मागण्या गिलोटिन लावून, म्हणजे एकत्रच मताला टाकून, चर्चेविना मंजूर झाल्या. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, त्याबद्दल मला फारसे दुःख नाही, कारण त्या दिवशी छाननीपेक्षा नव्या गाड्यांच्या घोषणांचीच मोजदाद अधिक होत असे. दुःख याचे आहे की त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

भारतमाला या महामार्गांच्या योजनेचे उदाहरण पाहावे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मंत्रिमंडळ समितीने ३४,८०० किलोमीटरसाठी ५.३५ लाख कोटी रुपये मंजूर केले. ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेच्या पटलावर आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मार्च २०२३ पर्यंत २६,३१६ किलोमीटरची कामे दिली गेली होती आणि त्यांचा मंजूर खर्च ८.४६ लाख कोटी झाला होता. म्हणजे किलोमीटरमागे १५.३७ कोटींच्या जागी ३२.१७ कोटी. याच योजनेतल्या द्वारका द्रुतगती मार्गाच्या किलोमीटरमागच्या खर्चाच्या आकड्यावरून तर बराच गदारोळ झाला. उन्नत मार्गिका आणि बोगदे धरले तर अहवालातली भागाकाराची रीतच चुकीची ठरते, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. कोणाचा हिशेब बरोबर, या वादात मी शिरत नाही. आराखडा बदलला तेव्हा, म्हणजे बदल स्वस्तात मागे घेता आला असता तेव्हा, कोणत्याही समितीसमोर तो आला नाही, एवढेच मला महत्त्वाचे वाटते. विरोधी सदस्यांचाही यात वाटा आहे, हे सांगायला हवे. घोटाळ्याचा आकडा मथळ्यात येतो, मागणीच्या अंदाजावरचा तारांकित प्रश्न येत नाही; शिवाय आपल्या मतदारसंघातल्या गाडीच्या थांब्याविषयी विचारलेला प्रश्न मतदाराला लगेच कळतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की संसदेने सुरुवातीलाच चौकशा मांडल्या तर कामे रखडतील. रखडण्याची किंमत मोठी असते, हे खरेच आहे. पण ती कुदळ पडल्यानंतर मोठी असते, कागदावर असताना नाही. नॉर्वेने २००० पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांची तपासणी सक्तीची केली, आणि ती झाल्यावरच खर्चाचा प्रस्ताव संसदेपुढे जातो. २००५ पासून तर ‘हाच प्रकल्प का’ याचीही वेगळी तपासणी, पर्याय खुले असतानाच, होते. दुसरा आक्षेप व्यावसायिक गुप्ततेचा. जर्मनीत अडीच कोटी युरोंवरचे लष्करी खरेदीचे करार सही होण्याआधी संसदेच्या अर्थसंकल्प समितीपुढे ठेवले जातात. लष्करी सामग्रीचा करार बंद दाराआड सदस्यांना दाखवता येत असेल, तर पथकराच्या किंवा वीज खरेदीच्या करारात त्याहून नाजूक असे काय असते, हे मला उमगलेले नाही.

आणि सुरुवातीची छाननी एकदा करून संपत नाही. आल्प्समधून जाणाऱ्या रेल्वेमार्गांना स्विस मतदारांनी १९९२ मध्ये कौल दिला. त्या कामांसाठी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांचे एक देखरेख मंडळ १९९९ मध्ये नेमले गेले आणि ते सुमारे वीस वर्षे टिकले. ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला, तेव्हाही हे मंडळ काम पाहत होते. आपल्या स्थायी समित्यांची मुदत एक वर्षाची असते. रस्त्यांच्या किंवा विजेच्या एखाद्या योजनेची गृहीतके सदस्याला कळू लागतात, तोवर समितीची पुनर्रचना होते. ही मुदत निदान लोकसभेच्या कार्यकाळाएवढी करण्यासाठी राज्यघटनेला हात लावावा लागत नाही, सभागृहांचे नियम बदलले तरी पुरते. मी सुरुवात तिथून करेन, आणि त्याच नियमांत आणखी एक ओळ घालेन: ठरावीक रकमेवरच्या प्रकल्पाचा व्यवहार्यता अहवाल, परिशिष्टांसह, मंत्रिमंडळाच्या मंजुरीआधी संबंधित समितीकडे जाईल.