‘स्वेच्छेने’ या शब्दावर

बाकी लेख छान, पण ‘संरक्षित क्षेत्रातले आदिवासी बहुतेक ठिकाणी स्वेच्छेने बाहेर पडले’ हे वाक्य वाचून थांबलोच. आफ्रिकेतल्या बोत्सवानाचं सरकारही सेंट्रल कलहारी या वाळवंटातल्या राखीव क्षेत्राबद्दल अगदी हेच सांगत होतं. १९६१ ला ते क्षेत्र राखीव केलं तेव्हा सान लोकांना (तिथल्या मूळ आदिवासींना) तिथे त्यांच्या पद्धतीने जगता यावं हाही हेतू होता, आणि २००२ मध्ये त्यांचीच बोअरवेल सील केली. वाळवंटात पाणी तोडायचं आणि मग माणूस निघाला की म्हणायचं स्वतःहून गेला, याला स्वेच्छा कशी म्हणणार?

२००६ ला हायकोर्टाने ही हकालपट्टी बेकायदा ठरवली, पण पाणी देणं सरकारवर बंधनकारक नाही असंही म्हटलं, म्हणजे घरी परत जा पण प्यायचं काय ते तुमचं तुम्ही बघा! स्वतःच्या जमिनीतलं पाणी वापरायची परवानगी अपिलात मिळाली ती थेट २०११ ला. आणि २०१४ ला त्याच राखीव क्षेत्रात हिऱ्यांची खाण सुरू झाली, ती सरकारला कशी काय चालली? लेखात याचा साधा उल्लेखही नाही, खरंच वाईट वाटलं.