बॉडी सापडली का?

खुनी कोण, हे मला कर्जत आणि लोणावळ्याच्या मध्ये शेजारच्या सीटवरच्या काकूंनी सांगितलं. काकूंनी ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्याचं नावसुद्धा वाचलेलं नव्हतं, कारण त्यांचा चष्मा वरच्या बॅगेत होता आणि ‘आता कोण काढत बसतंय’.

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. मुंबईहून पुण्याला येणारी संध्याकाळची गाडी, एसी चेअर कार, खिडकीची जागा आणि हातात नवी कोरी कादंबरी. किंमत चारशे नव्याण्णव. किंमत मुद्दाम सांगून ठेवते आहे.

मला या घरगुती रहस्यकथांचं व्यसन आहे. गुप्तहेर नकोत, बॉम्ब नकोत, परराष्ट्र खातं तर नकोच. एक घर हवं, घरात नवरा-बायको हवेत, त्यातलं एक खोटं बोलत असावं आणि निम्म्या पुस्तकात कळावं की दुसरंही बोलतंय. २०१२ साली ‘गॉन गर्ल’ आली, २०१५ साली ‘द गर्ल ऑन द ट्रेन’, आणि तेव्हापासून मुखपृष्ठावर पाठमोरी बाई आणि नावात ‘गर्ल’ किंवा ‘वाइफ’ दिसली की माझा हात आपोआप पाकिटाकडे जातो. त्या ट्रेनवाल्या पुस्तकातली नायिका रोज गाडीच्या खिडकीतून लोकांची घरं बघते आणि त्यांच्या संसाराच्या गोष्टी रचते. मीही कित्येक वर्षं गाडीतून लोकांची घरं बघते आहे. कल्याण ते बदलापूर वाळत घातलेल्या बेडशीटा सोडून काही दिसत नाही. त्या बेडशीटांच्या मागे काय काय चाललं असेल ते असो, पण रहस्याला जागा कुठे आहे आपल्याकडे? त्या कादंबऱ्यांमध्ये तळघर असतं, त्याला कुलूप असतं, नवऱ्याची वेगळी अभ्यासिका असते आणि तिथे जायची बायकोला बंदी असते. आमच्या टू बीएचकेत बाथरूमची कडीसुद्धा नीट लागत नाही. काही लपवायचं म्हटलं तर एक माळा आहे, आणि तिथे सासूबाईंची पितळी भांडी आहेत. ती काढायला वर्षातून एकदा अख्खं खानदान स्टूल धरून उभं असतं.

तर काकू. दादरपासून त्या मोबाइलवर मालिका बघत होत्या. बघत होत्या म्हणजे ऐकत होत्या, आणि त्यांच्यासोबत आमचा निम्मा डबा ऐकत होता. मोबाइल हातभर लांब धरलेला, आवाज पूर्ण. मालिकेतली सासू दर दोन मिनिटांनी श्वास रोखायची आणि मागे विजा कडाडायच्या. मी पान तेवीसवर होते. समोरच्या रांगेत लॅपटॉप घेतलेला एक तरुण होता. त्याच्या कानांवर खलबत्त्याएवढे हेडफोन. त्याला कसलाच त्रास नव्हता.

कर्जतला गाडी थांबली, मागून घाट चढवणारी इंजिनं लागली, आणि पळसदरी सरल्यावर नेटवर्क गेलं. सासूचा श्वास अडकला तो अडकलाच. काकूंनी मोबाइल हलवून पाहिला, पदराला पुसून पाहिला, मग पर्समध्ये टाकला आणि माझ्याकडे वळल्या.

“काय वाचताय?”

“कादंबरी.”

“कशावर?”

आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, “अशीच. एका कुटुंबातलं रहस्य.”

“अगंबाई,” काकू सरसावून बसल्या, ‘तुम्ही’वरून थेट ‘तू’वर आल्या, “सांग की मग. नाहीतरी तुझं वाचनच चाललंय.”

हे वाक्य मला जन्मभर पुरलं आहे. नाहीतरी वाचनच चाललंय. घरी वाचत बसलं की, “वाचत्येस ना? मग जरा दुधाकडे लक्ष ठेव.” ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत वाचत बसलं की, “रिकामी आहेस तर ही व्हाउचर्स बघून घे.” समोरचा तो हेडफोनवाला लॅपटॉपवर नुसता एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात उड्या मारत होता, पण त्याला कोणी विचारलं असतं का, “कशावर आहे हो तुमचं एक्सेल? सांगा की”? पुस्तक हातात धरलेली बाई आणि बस स्टॉपवर उभी असलेली बाई लोकांना सारखीच वाटते. दोघीही कशाची तरी वाट बघत उभ्या आहेत आणि तोवर त्यांना पत्ता विचारायला हरकत नाही. असो. मला वाईट बोलता येत नाही, हा आईने केलेल्या संस्कारांचा दोष आहे. मी सांगितलं.

म्हणजे असं: तळ्याकाठचं घर. नवरा श्रीमंत. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी एका रात्री नाहीशी झाली. आता दुसरी आली आहे, तीच गोष्ट सांगते आहे. जवळच सासू राहते, ती फार गोड आहे. दुसरीला हळूहळू नवऱ्याचा संशय यायला लागतो.

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग डोळे न उघडताच विचारलं, “बॉडी सापडली का?”

“नाही.”

“विमा?”

“अं?”

“विमा गं. पहिलीचा. नॉमिनी कोण होतं?”

मी म्हटलं, त्याबद्दल अजून काही आलेलं नाही. काकूंनी डोळे उघडले आणि ‘लेखिकेला एवढंही कळू नये’ अशा नजरेने पुस्तकाकडे पाहिलं. मग कळलं की काकू विमा कंपनीत होत्या. एकतीस वर्षं. त्यातली शेवटची चौदा क्लेम सेक्शनला. माझं दुर्दैव बघा. अख्ख्या डब्यात एवढी माणसं होती, जिरेगोळी चघळत झोपलेले आजोबा होते, रडकं पोर होतं, आणि माझ्या शेजारी कोण, तर मृत्यूचे दावे तपासणाऱ्या बाई.

“पॉलिसी घेऊन किती वर्षं झाली होती ते बघ. आमच्या वेळी दोन वर्षांच्या आत माणूस गेला की अर्ली क्लेम. चौकशी लागायचीच. आता तीन केलीत. आणि बेपत्ता म्हणजे मेलेलं नाही हं. सात वर्षं जावी लागतात, मग कोर्टाचा हुकूम, आणि तोवर हप्ते भरायचे. हा भरतोय का हप्ते?”

“काकू, तसं काही नाहीये त्यात.”

“मग त्याने मारलेली नाही,” काकूंनी फाइलवर शिक्का मारल्यासारखं सांगितलं. “दोन वर्षांनी हाती काय लागणार त्याला? काहीच नाही. बरं, मला सांग, दुसरं लग्न कसं केलं मग? पहिली जिवंत की मेली हे ठरल्याशिवाय?”

खरं सांगते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक लग्न नाहीच झालेलं, एकत्र राहतात. “मग तिला दुसरी बायको कशाला म्हणतेस?” काकू म्हणाल्या. बोगद्यात शिरलो. कानात दडे बसले. मला वाटलं, संपलं. मी पुस्तक उघडलं.

“सासू काय करते?”

“अहो, काही नाही, चांगली आहे. केक वगैरे करते. दर गुरुवारी मोठं भांडंभर जेवण करून चर्चमध्ये नेऊन देते.”

“दर गुरुवारी?”

“हो.”

“भांडं केवढं?”

मी पान मागे उलटून पाहिलं. लेखिकेने दिलं होतं: दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं.

“आणि परत काय येतं?”

“म्हणजे?”

“अगं, चर्चमध्ये पंगतीला जेवण दिलं तर भांडं तिथेच राहतं. कोणीतरी आठवड्याने घासून आणून देतं, तेही दुसऱ्याचं झाकण लावून. हिचं भांडं त्याच दिवशी परत येतंय का?”

मी पाहिलं. पान एकोणीस. दुसरी बायको त्याच गुरुवारी संध्याकाळी सासूकडे जाते तेव्हा सासू ते भांडं पुसत असते. एका वाक्यात. मी ते वाचून पुढे गेले होते, कारण मी भोळी आहे आणि लेखिकेने त्याच परिच्छेदात नवऱ्याच्या कोटाच्या खिशात एक किल्ली ठेवली होती. आम्ही सगळे किल्लीच्या मागे.

“म्हातारी खिलवत्येय तिला,” काकू म्हणाल्या आणि पर्समधून शेंगदाण्याचा लाडू काढून अर्धा मला दिला. “पहिली जिवंत आहे. जवळपासच आहे. आणि आता पोरावर आळ घालायचा बेत दोघींचा मिळून आहे. घे गं, गुळाचा आहे.”

मी तो अर्धा लाडू एका हातात धरून दुसऱ्या हाताने शेवटचं प्रकरण उघडलं. उघडणार नाही असं ठरवूनच उघडलं. काकू बरोबर होत्या. भांड्यासकट बरोबर होत्या. लेखिकेने साडेतीनशे पानं, तीन निवेदक आणि एक दारुडा शेजारी खर्चून जे दडवलं होतं, ते काकूंनी पळसदरी ते मंकी हिल एवढ्यात, चष्म्याशिवाय काढलं.

लंडनमध्ये ‘द माउसट्रॅप’ नावाचं नाटक १९५२ पासून चालू आहे. प्रयोग संपला की प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर कोणाला सांगू नका. तिथे ही विनंती करून भागतं. आपल्याकडे विनंती करायची कोणाला? न पाहिलेल्या नाटकाचा शेवट सांगणाऱ्यांना?

आणि वैताग असा की काकूंची पद्धत चुकीची म्हणायची सोय नाही. हा सगळा प्रकार सुरूच मुळी पैशातून झाला. विल्की कॉलिन्सची ‘द वूमन इन व्हाइट’ १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. त्यात नवऱ्याचा डोळा बायकोच्या पैशावर असतो आणि त्यासाठी वेड्यांच्या इस्पितळाचा उपयोग होतो. (दीडशेहून जास्त वर्षं झाली, आता सांगायला हरकत नाही.) त्या काळच्या इंग्लंडात लग्न झालं की बायकोचं बहुतेक सगळं नवऱ्याचं व्हायचं, विवाहितेला स्वतःची मालमत्ता स्वतःच्या नावावर ठेवायचा पूर्ण हक्क मिळायला १८८२चा कायदा यावा लागला. म्हणजे ‘नॉमिनी कोण?’ हाच या साहित्यप्रकाराचा पहिला प्रश्न. मन, बालपणीच्या जखमा, वाइनचा तिसरा ग्लास हे सगळं नंतरचं. मला तो वाइनचा ग्लासच आवडतो, काय करू? संध्याकाळी एकटीने खिडकीत बसून नवऱ्यावर संशय घ्यायचा, एवढा निवांतपणा आम्हाला वाचूनच मिळतो.

मी पुस्तक मिटलं. चेहरा पडला असावा, कारण काकूंना माझी दया आली.

“अगं, हे काय घेऊन बसलीस? मी तुला खरं सांगते. नाव-गाव सांगणार नाही, सर्व्हिस रूल आहे.”

निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. तरी सर्व्हिस रूल. आणि मग काकूंनी जे सांगितलं ते मी तसंच देते. एक माणूस. दूध आणायला म्हणून बाहेर पडला तो आलाच नाही. घरी बायको, दोन पोरं, सासू. बायकोने पोळ्या लाटून सात वर्षं हप्ते भरले, एक चुकवला नाही. सात वर्षांनी कोर्टात गेली, हुकूम आणला, कागद एकूण एक बरोबर. “इतके बरोबर कागद मी चौदा वर्षांत पाहिले नाहीत,” काकू म्हणाल्या, “तिथेच माझी जीभ दाताखाली आली.” चेक निघाला. काकूंनी साहेबांना सांगितलं, हा मी स्वतः नेऊन देते. भर दुपारी त्या घरी गेल्या. कडी वाजवली. आतून कोणीतरी आलं. दार उघडलं.

“आणि दार कोणी उघडलं असेल?”

गाडी लोणावळ्याला थांबली.

“बाई गं, माझं स्टेशन!” काकू उठल्या. हमालाशी, बॅगेशी, चष्म्याच्या डबीशी झटापट झाली. मी बॅग काढून द्यायला उठले, “काकू, कोणी?” असं दोनदा विचारलं. मध्ये चिक्कीवाला शिरला. काकू दारातून उतरून गेल्या. मी परत खिडकीशी आले. एसी डब्याची बंद काच. काकू फलाटावर माझ्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या, आणि बोलल्या. सगळं बोलल्या. अगदी सविस्तर, सावकाश, हातवारे करून. काचेतून अक्षर ऐकू आलं नाही. शेवटी त्यांनी कपाळावरून आडवं बोट फिरवलं, भुवया उंचावल्या, मान डोलावली आणि गाडी सुटली.

मी खाली बसले तर मागच्या रांगेतल्या बाई पुढे वाकून म्हणाल्या, “कुंकू! बायकोने दार उघडलं, कपाळाला ठसठशीत कुंकू. म्हणजे तिला माहीत होतं तो जिवंत आहे.”

“नाही हो,” पलीकडच्या सीटवरचे आजोबा म्हणाले, ते मुळात झोपलेलेच नव्हते, “घाम पुसला त्यांनी. दुपारची वेळ सांगत होत्या.”

“कपाळ दाखवलं म्हणजे नशीब. नशीब म्हणायचं असेल,” चिक्कीवाला म्हणाला. त्याला लोणावळ्याला उतरायचं होतं, ते राहूनच गेलं होतं.

मळवली, कामशेत, तळेगाव गेली तरी कुंकू की घाम हे मिटलं नाही. माझं मत कोणी विचारलं नाही, वास्तविक गोष्ट मला सांगितलेली होती. या गडबडीने समोरच्या हेडफोनवाल्याने प्रथमच हेडफोन काढले, इकडेतिकडे पाहिलं, आणि माझ्या मांडीवरच्या मुखपृष्ठाकडे बोट दाखवून म्हणाला, “हे मी कधीचं शोधतोय. चांगलं आहे?” त्याने मुखपृष्ठाचा फोटो काढला, तिथल्या तिथे ऑर्डर टाकली. त्याला तीनशे बाराला मिळालं.

“फक्त शेवट सांगू नका हं, प्लीज,” तो म्हणाला.

मी सांगितला.