धरणाचा फुगवटा म्हणजे पाणथळीची भरपाई नव्हे

नव्या पाणी प्रकल्पाची चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो: ‘धरणांनी पक्षी गेले नाहीत, उलट आले. नांदूरमध्यमेश्वर, जायकवाडी, उजनी बघा. मग बुडालेल्या पाणथळीची वेगळी भरपाई कशाला?’ उदाहरणं खरी आहेत. निष्कर्ष चुकीचा आहे.

‘पाणी आलं की पाणथळ आपोआप होते.’

पाणी किती आलं यापेक्षा ते किती खोल आहे, हे बघावं लागतं. छोट्या टिलव्याला (चिखलात चोच खुपसणारा काठावरचा पक्षी) दोन-चार सेंटिमीटर पाणी पुरतं. शेपटी वर करून तळातलं खाणाऱ्या तलवार बदकाला साधारण अर्ध्या मीटरच्या आतलं लागतं. म्हणजे कामाचा पट्टा शून्य ते ४५ सेंटिमीटर खोलीचा. काठाचा उतार १:५ असेल, म्हणजे पाच मीटर आत गेल्यावर एक मीटर खोली, तर हा पट्टा सव्वादोन मीटर रुंद मिळतो, १:५० असेल तर साडेबावीस मीटर. पठारावर पसरलेला जायकवाडीचा जलाशय आणि दरीत कोंडलेला कोयनेचा जलाशय यांतला फरक इथेच आहे.

नांदूरमध्यमेश्वर तर उंच धरणच नाही, बंधारा आहे. गोदावरी-कादवा संगमावर शंभरेक वर्षं गाळ साचत गेला आणि त्यातून उथळ पाणी आणि बेटं तयार झाली. सिंचनाच्या हिशेबात जो दोष, तोच पक्ष्यांच्या पथ्यावर पडला. नव्या प्रकल्पाला हा दाखला द्यायचा असेल तर शंभर वर्षं थांबायची तयारीही दाखवावी.

‘पक्ष्यांची संख्या वाढली, म्हणजे नुकसान नाही.’

हिवाळी गणनेत मोजले जातात त्यांतले बरेचसे पाहुणे असतात. घरटी करणाऱ्यांचा हिशेब वेगळा. जांभळी पाणकोंबडी पावसाळ्यात पाणवनस्पतींत घरटं बांधते. त्याच दिवसांत जलाशय भरत असतो आणि पातळी काही दिवसांत मीटरभर चढू शकते. शिवाय वर्षभरात पातळी कित्येक मीटर खालीवर होणाऱ्या काठावर वनस्पती मूळच धरत नाहीत.

नदीसुरय हा पक्षी उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी घालतो. धरणाखाली उन्हाळी आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलं की ती वाळू पाण्याखाली जाते. धरणाच्या वर उलटं होतं: पाणी उतरून बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री थेट अंड्यांपर्यंत पोचतात. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर, म्हणजे ओल्या गाळात पिकांची पेरणी, हीही होते. ती बहुधा प्रकल्पग्रस्तच करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण कुठला तुकडा नांगरायचा नाही, हे आधी ठरलेलं हवं.

‘तेवढंच क्षेत्र दुसरीकडे दिलं की झालं.’

अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या गॅरिसन प्रकल्पासाठी १९८६ च्या कायद्याने एकरास एकर भरपाई ठरवली. पण ती पर्यावरणाच्या दृष्टीने तोलामोलाची हवी आणि बांधकामासोबतच व्हायला हवी, अशीही अट घातली. नुसता एकर का पुरत नाही? २०१२ साली ६२१ पाणथळींचा आढावा प्रसिद्ध झाला. पुनरुज्जीवनाला शतक उलटूनही त्यांची जैविक रचना नैसर्गिक पाणथळीच्या तुलनेत सरासरी २६ टक्के कमीच होती.

तरी करायचं काय? फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या, सपाट कोपऱ्यात वेगळा छोटा बांध घालायचा, म्हणजे तिथली पातळी धरणाच्या पातळीवर अवलंबून राहत नाही. आधी चाचणी खड्डे घेऊन त्यांत पाणी भरून बघायचं. खाली मुरूम निघाला तर पाणी टिकत नाही, जागा बदलायची. बुडणाऱ्या पाणथळीचा वरचा १५ ते ३० सेंटिमीटर थर कोरड्या दिवसांत उचलून लगेच नव्या जागी पसरायचा. त्यात बिया आणि कंद असतात. उंच ढीग मारून महिनोन्महिने ठेवला तर ते मरतात आणि मग तिथे बेशरम हे तणच माजते.

बाहेर जाणाऱ्या पाण्याला खाचेत बसणाऱ्या फळ्यांचं दार हवं, एकेक फळी १५ सेंटिमीटरच्या आसपास. हिवाळ्यात पातळी रोज दोन-तीन सेंटिमीटर उतरवली की रोज नवा ओला चिखल उघडा पडतो. पाणकणीस (पाण्यात उगवणारं उंच गवतासारखं झाड) दाटलं तर पाणी उतरवून ते बुडाशी कापायचं आणि खुंटांवर किमान ३० सेंटिमीटर पाणी चढवायचं. खुंट पाण्याबाहेर राहिले तर त्यातून मुळांना हवा मिळते आणि सगळं पुन्हा फुटतं. ही चूक सर्रास होते.

पण बहुतेक ठिकाणी घात होतो तो कागदावर. पाणीवाटपाच्या तक्त्यात पाणथळीचा वाटाच नसतो, त्यामुळे तुटीच्या वर्षी पहिली कात्री तिथेच लागते.

‘कायदा आहेच की संरक्षणाला.’

२०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले साठे वगळले आहेत. म्हणजे ज्या जलाशयाला तो फिरणारा मजकूर ‘नवी पाणथळ’ मानतो, त्याला ते नियम पाणथळ मानतच नाहीत. म्हणून महिनावार किमान पातळी, दाराची जबाबदारी आणि देखभालीचा निधी हे प्रकल्पाच्या मंजुरीतच, घळभरणीच्या (धरणाच्या भिंतीतली शेवटची मोकळी जागा बुजवण्याच्या) आधी लिहून घ्यावं लागतं.