"आजीचे पाच सल्ले" फॉरवर्ड करायच्या आधी हे वाचा

"डॉक्टर सांगत नाहीत ते आजी सांगते" असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या अर्ध्या ग्रुपवर फिरतोय, बाळाच्या वाढीबद्दल पाच मुद्दे आणि खाली "२० जणांना पाठवा". लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून तीन जणींनी मलाच पाठवून विचारलं, खरंय का ओ सिस्टर. म्हणून एकदाच लिहिते.

"सोलापूरचं ऊन कडक, बाळाला पहिल्या महिन्यापासून पाणी पाजा." ऊन कडक आहेच, ४२-४३ आपल्याला काय नवीन नाही. पण आईच्या दुधात ८८ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, बाळाची तहान त्यातच भागते, उन्हाळ्यात ते जास्त वेळा दूध मागेल तर पाजायचं एवढंच. वरून पाणी दिलं की एवढंसं पोट पाण्यानंच भरतं, दूध कमी जातं, वजन रेंगाळतं, आणि तान्ह्याला जास्तच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके सुद्धा येऊ शकतात. त्यात आपल्याकडं नळाला रोज पाणी कुठं येतं, पिंपात साठवलेलं असतं, जुलाबाला आमंत्रणच की ते. दिवसात सहा-सात वेळा शू होत असेल तर पाणी कमी पडत नाहीये. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त दूध, आणि तहान लागली असेल तर आईला तांब्याभर पाणी द्या आधी.

"वर्षाला चाललं नाही तर बाळ मंद, वॉकर आणा." साफ चूक. धडधाकट बाळं साधारण ८ ते १८ महिन्यांत कधीही चालायला लागतात, काही तर रांगतच नाहीत, डायरेक्ट उभी राहतात. दीड वर्ष झालं तरी चालत नसेल तर दाखवा. वॉकरनं चालणं लवकर येत नाही, उलट बाळ सुसाट जाऊन गॅसशी नाहीतर जिन्यावर पोचतं. कॅनडानं तर २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

"वजनाचे तक्ते गोऱ्या पोरांचे, आपल्या बाळांना लागू नाहीत." अंगणवाडीच्या कार्डावरचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकावरचा आहे, आणि त्यासाठी सहा देशांतली बाळं मोजली होती, त्यात भारत पण होता, दिल्लीची बाळं. गोम अशी आहे की लोक एकच आकडा बघतात. शेजारणीचं ९ किलो, आमचं ८, झालं टेन्शन सुरू! जन्माला २.८ किलो असलेलं बाळ पाचेक महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, म्हणजे साडेआठच्या आत-बाहेर झालं तर चांगलंच चाललंय. बारीक बाळ स्वतःच्या रेषेला धरून वर जात असेल तर मला काळजी नाही. गुटगुटीत बाळाची रेषा दोन-तीन महिने आडवी पडली तर मात्र आहे, आणि ते दर महिन्याला वजन केल्याशिवाय कळत नाही, म्हणून ते कार्ड कपाटात ठेवू नका.

"दात येताना जुलाब होणारच, औषध नको." दातानं हिरड्या दुखतात, लाळ गळते, चिडचिड होते, जुलाब नाही. त्याच वयात बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, जुलाब तिथून येतात. ओआरएस द्या, डॉक्टरांना विचारून १४ दिवस झिंक द्या, दूध बंद करू नका.

"पाळी आली की मुलीची उंची थांबते, आधीच पावडर सुरू करा." वेग मंदावतो हे खरं, पण त्यानंतरही बहुतेक मुली ५-७ सेंटीमीटर वाढतात. पावडरीच्या डब्यापेक्षा भाकरी, डाळ, शेंगाची चटणी, अंडं परवडलं आणि पुरलं. उंचीचा अंदाज पाहिजेच असेल तर आईबापाच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर १३ सेंटीमीटर मिळवा, मुलगी असेल तर वजा करा आणि निम्मं करा, पोरगं त्याच्याच आसपास जातं, बारला लटकून त्यात फरक पडत नाही. दाखवायला न्यायचं ते वेगळ्या कारणासाठी : मुलीत ८ वर्षांच्या आत किंवा मुलात ९ च्या आत वयात यायची लक्षणं दिसली, नाहीतर मुलगी १३ ची, मुलगा १४ चा होऊनही काहीच बदल नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडं जायचं, आणि जाताना शाळेतली जुनी उंची-वजनाची नोंद सोबत घ्यायची.